सहा घरांची पाहणी

९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता वाचायला पोस्टातल्या बाईंनी चष्मा दोनदा पुसला म्हणे. सरकारी साहेब झालास तरी अक्षर सुधारलं नाही. त्यांना मी सांगून ठेवलंय की माझी पत्रं घरी पाठवू नका, मी येऊन नेईन. त्यांची अशी समजूत आहे की तू माझं दुसरं लग्न जमवतो आहेस. मी ती समजूत तशीच राहू दिली आहे. फोन करू नकोस. तो बेकरीच्या काउंटरवर असतो आणि भावजींचे कान भट्टीजवळ बसूनही तिखट आहेत.

तू तब्येतीचं विचारलंस. गोळ्या चालू आहेत, एकही चुकवलेली नाही. बाटली वाजते म्हणून आत कापूस भरते. ताप गेला, भूक लागते, अंगावर मांस चढलंय. जाऊबाई म्हणाल्या, नवरा गेल्यावर बायका वाळतात, आमची ही बाळसं धरतेय. मी हसून पीठ मळत राहिले.

एक बदल केलाय, रागावू नकोस. इथल्या सरकारी दवाखान्यात तू माझं नाव घातलंस, तिथल्या बाई चांगल्या आहेत, पण त्याच दवाखान्याच्या वॉर्डांना पाव आमच्याच बेकरीचा जातो. भावजींचा सायकलवाला सकाळी पाट्या घेऊन येतो. मागे एकदा मी तिथल्या आपल्या औषधाच्या शेवटच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते आणि तो समोर उभा. मी म्हटलं, लेकीच्या कानाचं औषध न्यायला आलेय. संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, वहिनी, कान बरा झाला का? त्या महिन्यापासून मी बस धरून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाते. नाव दुसरं सांगितलं, नवीन आजारी आहे असं सांगितलं. घरी सांगते, यीस्ट आणि लोणी तिकडे चांगलं मिळतं. मिळतंही.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. घरात अजून कावीळच म्हणतात. एचआयव्ही हा शब्द या घरात मला एकटीला ठाऊक आहे, आणि तो मला तू सांगितलास. पावातून तो कुणाला होत नाही, हे तू मला समजावलंस. पण माझ्या हातानं मळलेला पाव अख्खं गाव खातं, त्या गावाला मी कशी समजावू? कळलं तर मला त्याच दिवशी बाहेर काढतील, आणि लेकीला ठेवून घेतील, कारण ती त्यांच्या मुलाची. तिची तपासणी चांगली आली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. तिच्यापासून तुटायची एवढी एकच भीती मला आहे. बाकी मी कुणालाच भीत नाही, सासूबाईंनासुद्धा थोडीच.

तुझी मुंगी


२१ जानेवारी

मुंगे,

दुसरं नाव काय सांगितलंस ते तरी कळव. सिनेमातलं सांगितलं असशील तर मला लाज वाटेल. असो, दवाखाना बदललास ते ठीकच. निघताना इथल्या बाईंकडून बदलीचा कागद घेतला असशीलच.

आता माझी बातमी ऐक. माझी योजना मंजूर झाली. आजवर आम्ही औषधं मांडून दुकानदारासारखे वाट बघत बसायचो. आला तो आला, नाही आला तो मेला. आता ज्यानं औषध न्यायला येणं थांबवलं त्याच्या घरी आपण जायचं, समजवायचं, परत आणायचं. देणगीतून पांढऱ्या गाड्या मिळाल्या आहेत, प्रत्येक गाडीत एक ड्रायव्हर आणि एक शिकलेली मुलगी. गाडीवर पाटी नाही, मुलीच्या अंगावर गणवेश नाही. दारात गेलं की म्हणायचं, आरोग्याची पाहणी चालू आहे. आत गेलं की त्या माणसाला एकटं गाठायचं आणि बोलायचं. बैठकीत मोठे साहेब म्हणाले, यापुढे एकही माणूस हरवता कामा नये. मी घरी येऊन चक्क दोन वेळा जेवलो.

तुला म्हणून सांगतो. ही योजना मी तुझ्या यजमानांसाठी लिहिली. ते एकदा तपासून गेले, पुन्हा आले नाहीत, आणि कुणी त्यांच्या दारात गेलं नाही. गेलं असतं तर आज ते भट्टीसमोर उभे असते आणि तू निरोगी असतीस. हे माझ्या मनातून जात नाही. तुझ्या गावाकडे गाडी पुढच्या महिन्यात येईल. आली की कशी वाटते ते कळव, बाहेरच्या माणसाच्या नजरेनं.

दादा


४ मार्च

दादा,

तुझी गाडी आली. तू बाहेरच्या माणसाच्या नजरेनं सांग म्हणालास, म्हणून खरं सांगते. एका घराची पाहणी असते का रे? गाडी येते, अख्खी आळी सोडून एकाच दारात थांबते, मुलगी आत जाते, घटकाभरानं बाहेर येते आणि गाडी निघून जाते. लोक मूर्ख नाहीत. पहिल्या आठवड्यात कुजबुज झाली, दुसऱ्या आठवड्यात नाव पडलं. आता गाडीला सगळे पांढरी म्हणतात. पोरं हट्ट करायला लागली की आया म्हणतात, थांब, पांढरीला बोलावते.

बाजाराच्या तोंडाशी घड्याळवाले काका आहेत. माझ्या सासऱ्यांचं घड्याळ तेच बघायचे. पांढरी त्यांच्या दारात थांबली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आपापली घड्याळं परत न्यायला रांगेत उभी, झालेली असोत की नसोत. काहींनी रुमालानं धरून नेली. आता दुकानाच्या फळ्या लावलेल्या असतात. काका आत असतात की नाही कुणी बघत नाही. जवळून गेलं तर आतून टिकटिक ऐकू येते, ज्यांची घड्याळं न्यायला कुणी आलंच नाही त्यांची.

सासूबाई काल म्हणाल्या, तरी बरं, ते पाव आपल्याकडचा नेत नव्हते. हल्ली मी फार गप्प बसते, लेकीच्याही लक्षात आलंय.

गाडी कुणाकडे जायची हे कोण ठरवतं, दादा? आणि माणूस औषध दुसरीकडून घेत असेल तर चालतं ना?

मुंगी


१३ मार्च

मुंगे,

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, तुझं नाव न घेता. एका घराची पाहणी असते का, या वाक्यावर आधी सगळे हसले, मग मोठ्या साहेबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. एवढे शिकलेले लोक बसलो होतो, कुणाच्या डोक्यात आलं नाही. घड्याळवाल्यांचं ऐकून मला जेवण गेलं नाही.

पण वेळीच सांगितलंस. आम्ही चूक सुधारली आहे. यापुढे गाडी एका दारात कधीच थांबणार नाही. ज्या घरी जायचं ते आणि त्याच्या रांगेतली आणखी पाच, अशा सहाही घरांत मुलगी जाईल. डासांची चौकशी करेल, पाण्याची पिंपं बघेल, सगळीकडे तितकाच वेळ बसेल. आता सांग, कुणाला काय कळणार? मोठ्या साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की सगळीकडे तसंच करा असा हुकूम निघाला. पहिल्यांदा भेट झाली नाही तर गाडी पुन्हा जाईल, आणि तरी नाही झाली तर तिसऱ्यांदा. आम्ही पिच्छा सोडणार नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, अर्थात चालतं. औषध पोटात गेल्याशी मतलब. तू उगाच काळजी करू नकोस, तुझं सगळं मार्गी लागलेलं आहे. लेकीला माझ्याकडून एक चिमटा.

दादा


२५ एप्रिल

दादा,

हे पत्र नीट बसून वाच, बैठकीत वाचू नकोस.

आधी मागच्या आळीचं सांगते. तिथे सहा घरांत डासांची चौकशी झाली. दोन दिवस काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, पांढरी काय डासांसाठी पेट्रोल जाळते होय? सहातल्या एकात आहे, एवढं सगळ्यांना कळलं. कोण ते कळलं नाही, आणि तेच वाईट झालं. एकाला कळलं असतं तर एकाला टाळलं असतं. आता सहाही घरं एकमेकांना टाळतात. नळावर बादल्या लांब लांब ठेवतात. पोरं एकमेकांकडे जात नाहीत. कोण खोकतं, कुणाचा पट्टा एक भोक आत गेला, कुणाच्या घरी रात्री दिवा जळतो, यावर पाळत असते. एक कॉलेजात जाणारा मुलगा जन्मापासून काटकुळा, त्याला घरच्यांनीच परगावी त्याच्या काकाकडे पाठवून दिलं. तो गेला आणि आळीनं श्वास सोडला. त्याला काही नसावं असं मला वाटतं. पण कुणी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी पांढरी आमच्या आळीत आली.

आमच्या रांगेत सहाच घरं. आम्ही, आमच्याला लागून शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे शिवणबाई म्हणतात, मग मास्तर, भाजीवाले, निवृत्त हवालदार आणि कोपऱ्यावर रिकाम्या वेळी ज्योतिष सांगणारा सोनार. मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सासूबाई खूश झाल्या, त्यांनी तिला घरातल्या डासांचा पिढीजात इतिहास ऐकवला. मुलगी मान डोलवत होती आणि डोळे माझ्याकडे. तिनं पाणी मागितलं. मी उठले तशी तीही उठली, आतल्या खोलीपर्यंत येते म्हणाली. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, तू बस, मी आणते. मुलगी पुन्हा बसली. जाताना तिनं दारात माझ्याकडे असं बघितलं की मला सगळं कळलं. दादा, तिला मी हवी होते.

बदलीचा कागद मी घेतला नव्हता. तो मागायचा तर पत्ता, सही, घरच्या कुणाचं नाव, आणि त्याच खोलीबाहेर पुन्हा बसणं. मी सरळ जाणं बंद केलं. तुझ्या दवाखान्याच्या लेखी मी औषध सोडलेली बाई आहे. तू ज्यांना शोधतोयस त्यांच्यातली. रोज न चुकता गोळी घेणारी मी, तुझी गाडी मलाच शोधत आमच्या दारात आली.

तिला थांबव. कसंही कर आणि थांबव. बेकरीचा खप आत्ताच उतरलाय. सहा घरांतलं एक घर आमचं आहे, आणि पाव म्हणजे तोंडात घालायची वस्तू. संध्याकाळी भावजी उरलेले पाव मोजत नाहीत, नुसते बघत उभे राहतात.

मुंगी


४ मे

मुंगे,

पत्र दोनदा वाचलं. तू कागद घेतला असशील असं मी धरून चाललो. मी स्वतः विचारायला हवं होतं. हे माझ्याच हातानं झालं.

लगेच थांबवता येत नाही. तुझं नाव काढायचं तर कारण द्यावं लागतं, आणि ही बाई माझी बहीण आहे हे इथे कुणालाच सांगायचं नाही. उद्यापासून दौरा आहे. आलो की पहिलं काम हेच. तोवर ती मुलगी पुन्हा आली तर संधी साधून तिच्या कानात एवढंच सांग की औषध चालू आहे. घरात कुणाला ताकास तूर लागू देऊ नकोस.

दादा


२२ मे

दादा,

दहा-बारा दिवसांमागे तुझ्या ऑफिसात फोन केला होता, मोठ्या शहरातून, औषध आणायला गेले होते तेव्हा. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणाले. मी फोन ठेवून बस धरली. घरी पोचले तर आळीत दारं लावलेली आणि माणसं खिडक्यांत. पांढरी येऊन गेली होती. मी तिकडे गोळ्या घ्यायला रांगेत उभी आणि तुझ्या गाडीतली मुलगी इकडे मला शोधत होती, गोळ्या का घेत नाही हे विचारायला.

एकदा आली तेव्हा लोकांना शंका होती. दुसऱ्यांदा त्याच सहा घरांत आली तेव्हा शंका उरली नाही. त्या रात्री आमच्या ओट्यावर सगळे जमले. हवालदार होते, सोनार होता, मास्तर मागे उभे राहून काहीतरी पुस्तकातलं सांगू बघत होते, त्यांचं कुणी ऐकलं नाही. बेकरीला महिनाभरापासून निम्मं गिऱ्हाईक. भाजीवाल्याचं तसंच. सासूबाई कधी मोठ्यानं बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा कोण ते ठरलं की बाकीचे सुटतील."

कोण आहे हे शोधू या असं त्या म्हणाल्या नाहीत, दादा. ठरवू या म्हणाल्या. आणि ठरायला वेळ लागला नाही. शिवणबाई एकट्या. नवरा सोडून गेलेला. अंगानं सडसडीत, कापसाच्या धुळीनं खोकतात. पँटीचं माप द्यायला पुरुष घरात येतात. सगळं आधीपासून तिथेच पडलेलं होतं, कुणी उचलायचा अवकाश. सोनार म्हणाला, मला पहिल्यापासून वाटत होतं. मग सगळ्यांनाच पहिल्यापासून वाटत होतं असं निघालं.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापली कापडं परत न्यायला लागले, अर्धी शिवलेली, एका बाहीची, काज नसलेली. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. रात्री मात्र त्यांच्या पत्र्यावर दगड पडायचे. भिंत आमची आणि त्यांची एकच आहे. दगड पडला की मशीन थांबायचं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी शेवटी त्या काय शिवत होत्या कोण जाणे, घरात कुणाचं कापड उरलेलं नव्हतं.

परवा त्या गेल्या. हातगाडीवर मशीन बांधलं, एक ट्रंक, एक गादी. जाताना बेकरीशी थांबल्या आणि वाटेत खायला म्हणून एक पाव मागितला. काउंटरवर मी होते. मी पाव कागदात गुंडाळला. सासूबाई मागून म्हणाल्या, हातात देऊ नको, पायरीवर ठेव. मी पायरीवर ठेवला. दादा, मी ठेवला. त्यांनी वाकून उचलला, माझ्याकडे बघितलं आणि हातगाडीमागे चालायला लागल्या. ज्या हातांनी तो पाव मळला होता ते हात मी पदराला पुसत उभी राहिले.

मला माझी किळस आली. आणि खोटं सांगत नाही, त्या वळणापलीकडे गेल्या तेव्हा मला हलकंही वाटलं. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं हे तुझ्या शिकलेल्या लोकांना विचार.

पांढरी तिसऱ्यांदा येणार आहे ना? मग लोकांना कळेल की त्या नव्हत्या. मग उरतील पाच घरं.

मुंगी


२ जून

मुंगे,

आता मोकळा श्वास घे. काम झालं. तुझं नाव शोधाच्या यादीतून काढलंय, गाडी तुमच्या आळीत पुन्हा येणार नाही.

कारण काय लिहायचं यावर पुष्कळ डोकं खाजवलं. औषध दुसरीकडे चालू आहे असं लिहिलं तर कुठे, कोणत्या नावानं, अशी चौकशी सुरू होते. मरण पावली लिहायला हात धजेना. शेवटी लिहिलं, गाव सोडून गेल्या. या कारणावर कुणी प्रश्न विचारत नाही, रोज कितीतरी जण तसे जातात. तिथल्या ऑफिसला कळवलंय, ड्रायव्हरलाही निरोप गेलाय.

शिवणबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण तू स्वतःला दोष देऊ नकोस, तुझ्या पदरात पोर आहे. काही महिन्यांत लोक विसरतील, मग त्या परतही येतील. सहा घरांच्या पद्धतीबद्दल मी आता वर लिहिणार आहे, फक्त थोडं थांबावं लागेल. बाहेरून पाहुणे येऊन गेले आणि त्यांना आकडे आवडले. तुमचं गाव त्यांनी नमुना म्हणून दाखवायला निवडलंय.

जेव, झोप, गोळ्या घे. तुला काही झालं नाही यातच माझ्या जिवात जीव आला.

दादा


२० जून

दादा,

तू मला वाचवलंस. ते कसं वाचवलंस ते ऐक.

तुझा निरोप मिळाल्यावर पांढरीचा ड्रायव्हर आमच्याकडे बिस्किटं घ्यायला थांबला. सासूबाईंनी सहज विचारलं, आता आमच्याकडचे डास संपले का? तो म्हणाला, "आजी, आता इथलं काम संपलं. ती बाई गाव सोडून गेली असं वरून आलंय." त्यानं नाव घेतलं नाही. त्याला ते माहीतही नसावं. नावाची गरज कुणाला होती? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की सरकारनंच सांगितलंय. कालपर्यंत शिवणबाईंवर संशय होता. तू शिक्का मारलास.

गिऱ्हाईक परत आलं. भट्टी पुन्हा दोन्ही वेळा पेटते. हवालदार पाव घेताना हसून बोलतात. भावजींनी शिवणबाईंची खोली घरमालकाकडून भाड्यानं घेतली आणि तिथे मैद्याची पोती रचली. आधी जमीन फिनेलनं धुवायची होती, ते काम जाऊबाई करेनात, म्हणून मी केलं. फरशीच्या फटींतून टाचण्या आणि दोऱ्याचे तुकडे निघत होते. सासूबाई दारात येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, कष्टाळू आहेस गं पोरी. ह्यांच्या मागे पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला. मला ओरडावंसं वाटलं.

मग मी शिवणबाईंना शोधायला गेले. मोठ्या शहरात, औषधाच्या दिवशीच. भाजीवालीला त्यांच्या मावसबहिणीचं घर ठाऊक होतं. गोदामांच्या मागे एक पत्र्याची खोली, त्यात मशीन, मशीनवर त्या. मला बघून उठल्या नाहीत, शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं की ती बाई मी आहे. गाडी माझ्यासाठी आली होती.

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

मला वाटलं चिडून बोलतायत. तसं नव्हतं. म्हणाल्या, तुझे कपडे कोण शिवत होतं? नवरा गेल्यावर दोनदा आत घेतले, तिसऱ्यांदा आत घ्यायला कापड उरलं नव्हतं. मग वर्षात तूच आलीस सैल करून द्या म्हणत. माझ्या धाकट्या बहिणीचे मी असेच आत घेत गेले होते, तिला सैल करायची वेळ आली नाही. तेव्हा तुझी ही औषधं गावात नव्हती.

मी विचारलं, मग ओट्यावर सगळे जमले तेव्हा बोलला का नाहीत? भिंत एक होती, तुम्हाला सगळं ऐकू जात होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान मुलीनं काही भाबडं विचारावं. "मी बोलले असते तर मला ठेवून तुला काढलं असतं," त्या म्हणाल्या. "तुला लेक आहे. माझं मशीन आहे, ते कुठेही चालतं."

पण ते कुठेही चालत नाहीये, दादा. पांढऱ्या गाडीची गोष्ट त्यांच्या आधी इथे पोचली. मावसबहिणीच्या शेजारणी विचारायला लागल्या आहेत की बाई त्या गावातून का आली. महिनाभरात इथूनही उठावं लागेल असं त्या म्हणाल्या, जसं कुणी उद्या पाऊस येईल म्हणतं. मग मला चहा दिला. मी कपाला तोंड लावेपर्यंत थांबल्या आणि मग आपला कप उचलला.

येताना बसमध्ये मी ठरवलं. तू लिहिलंस, लोक विसरतील. विसरणार नाहीत. गाडी बंद झाली हा त्यांच्याकडे पुरावा आहे, आणि तो पुरावा माझ्याशिवाय कुणालाच खोडता येत नाही.

म्हणून माझं एक काम कर. गाडी पाठव. पांढरीच पाठव, आणि या वेळी सहा घरं नकोत, डास नकोत, पाण्याची पिंपं नकोत. सगळी आळी पाव घ्यायला आलेली असते तेव्हा सकाळी बेकरीसमोर उभी कर. त्या मुलीला माझं खरं नाव मोठ्यानं घेऊ दे. तू स्वतः गाडीतून उतर आणि माझा भाऊ म्हणून उतर. इतकी वर्षं बैठकांत बोललास, ते एकदा आमच्या ओट्यावर बोल. पावातून होत नाही हे सांग. गोळ्या घेतल्या की माणूस जगतं, ही बघा जगलीय, हे सांग. ऐकतील असं मला वाटत नाही. पण शिवणबाईंवरचा शिक्का पुसला जाईल.

लेकीचे कपडे मी एका पिशवीत भरून मैद्याच्या पोत्यांमागे ठेवलेत. चार दिवसांपूर्वी तिनं विचारलं, आई, आपण कुठे जाणार आहोत? मी म्हटलं, मामाकडे. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तेव्हापासून त्या तिला आपल्याजवळ झोपवतात. आज पोस्टात यायला निघाले तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. मी ये म्हटलं, तिला यायचं होतं, त्यांनी सोडला नाही.

येत्या मंगळवारच्या आत ये, दादा. त्यानंतर हे बोलायचा धीर माझ्यात उरेल याची मला खात्री नाही, आणि पोर माझ्याजवळ उरेल याचीही नाही.

मुंगी